गूढ, रहस्य आणि गौडबंगाल

आमच्या गोव्यातल्या कुठल्याही मराठी दैनिकाचं तिसरं पान उघडा, 'गूढ' हा शब्द ठळक टाइपात भेटायला फार दिवस थांबावं लागत नाही. 'युवकाचा गूढ मृत्यू', 'विहिरीत मृतदेह, गूढ वाढले', 'आगीचे गूढ कायम'. खालचा मजकूर पाठ व्हावा इतका ठरलेला. सकाळी फिरायला गेलेल्या कुणाला तरी काहीतरी दिसलं, पोलिसांनी पंचनामा केला, मृतदेह शवचिकित्सेसाठी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पाठवला, व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी आतल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवला, अनैसर्गिक मृत्यू म्हणून नोंद झाली, पुढील तपास उपनिरीक्षक अमुकतमुक करत आहेत. बातमी इथे संपते. प्रयोगशाळेचा अहवाल कधीतरी येतो, पोलिस ठाण्यातल्या एका फायलीला लागतो, आणि तोवर तिसऱ्या पानावर दुसरं गूढ येऊन बसलेलं असतं.

हा शब्द बातमीतून हद्दपार करा, असं मला म्हणायचं नाही. पण जिथे उत्तर शोधणं हे कुणाचं तरी पगारी काम आहे, तिथे तो वापरणं म्हणजे त्या माणसाला सुट्टी देणं आहे. गोव्यात अशा सुट्ट्या फार झाल्या.

आधी शब्दाकडे पाहू. संस्कृतातला 'गुह्' हा धातू म्हणजे झाकणं, लपवणं. गुहा त्यातली, गुह्य त्यातलं, आणि गूढ हे त्याचंच भूतकाळवाचक रूप. गूढ म्हणजे लपवलेलं, झाकून ठेवलेलं. धुक्यासारखं आपोआप पसरलेलं असं काही या शब्दाच्या पोटात नाही. व्याकरणाने पाहिलं तर त्यात एक कर्ता दडलेला आहे, लपवणारा. आपण मराठीत हा कर्ता कधीच खाली सोडून दिला आणि शब्द नुसत्या वातावरणाला लावू लागलो. गूढ शांतता, गूढ हास्य, गूढ नजर. त्यात वाईट काही नाही, शब्द असेच चालत चालत अर्थ बदलतात. पण पोलिसी बातमीत कर्ता गाळला की चालत नाही, कारण तिथे सगळा प्रश्नच कर्त्याचा असतो.

या शब्दाचा सर्वात वजनदार वापर कठोपनिषदात आहे. 'एष सर्वेषु भूतेषु गूढोऽत्मा न प्रकाशते', हा सर्व भूतांत लपलेला आत्मा प्रकट होत नाही. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि मान डोलावतात. श्लोक मात्र थांबत नाही. 'दृश्यते त्वग्र्यया बुद्ध्या सूक्ष्मया सूक्ष्मदर्शिभिः', पण सूक्ष्म पाहणाऱ्यांना तो तीक्ष्ण बुद्धीने दिसतो. म्हणजे आत्म्यासारख्या गोष्टीलाही उपनिषदाने 'गूढ कायम' म्हणून सोडून दिलेलं नाही, पाहायचं कसं तेही सांगितलं. आपल्या बातम्या पहिल्या ओळीवर संपतात. ब्रह्मविद्येला जी सवलत मिळाली नाही ती विहिरीतल्या मृतदेहाला मिळते.

मराठी वाचकाला हा फरक मुळीच अनोळखी नाही. आपल्याकडे रहस्यकथा आणि गूढकथा असे दोन वेगळे प्रकार वाचनालयाच्या कपाटात वेगळे ओळखले जातात. रहस्यकथेत खून होतो, गुप्तहेर येतो, आणि शेवटच्या पानावर कुणी, का, कसं हे सांगितलंच पाहिजे असा लेखक-वाचकांत अलिखित करार असतो. शेवटचं पान फाटलेलं निघालं तर वाचक वाचनालयवाल्याशी भांडतो. गूढकथेत तसा करार नाही. तिथे वाड्यातला दिवा कोण लावत होतं हे शेवटपर्यंत कळलं नाही तरी चालतं, किंबहुना कळू नये म्हणूनच आपण ती वाचतो. आता सांगा, एखाद्या गावात माणूस मेलेला सापडला तर ती यांतली कुठली कथा? अर्थात पहिली. आपण मथळा मात्र दुसरीचा देतो, आणि शेवटचं पान मागायचा वाचकाचा हक्क गुपचूप काढून घेतो.

कायद्यालाही शेवटचं पान अपेक्षित आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४ आहे. आत्महत्या, अपघात, घातपात किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर पोलिसांनी जागेवर जाऊन पंचांसमक्ष चौकशी करायची, मृत्यूचं वरकरणी दिसणारं कारण लिहायचं, आणि नव्या कायद्याप्रमाणे तो अहवाल चोवीस तासांत जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचा. या सगळ्या कागदांत 'गूढ' नावाचा रकाना नाही. कारण माहीत आहे, कारण माहीत नाही, किंवा अहवालाची वाट पाहत आहोत, यांपैकी एक लिहावं लागतं. म्हणजे हवालदाराच्या कागदापेक्षा आपला मथळा जास्त मोघम असतो.

२००८ सालच्या फेब्रुवारीत हणजूणच्या किनाऱ्यावर एका ब्रिटिश किशोरवयीन मुलीचा मृतदेह सापडला. सुरुवातीला पोलिसांनी तो बुडून झालेला मृत्यू धरला होता. तिच्या आईने ते मानलं नाही, दुसऱ्यांदा शवचिकित्सा झाली, अंगावर जखमा आढळल्या, खुनाचा गुन्हा नोंद झाला, तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. २०१६ मध्ये बाल न्यायालयाने दोघा आरोपींना निर्दोष सोडलं, आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांतल्या एकाला दोषी ठरवून दहा वर्षांची शिक्षा दिली. अकरा वर्षं. तरी उत्तर आलं, आणि आलं ते एका बाईने 'कळत नाही' हे उत्तर म्हणून स्वीकारायला नकार दिला म्हणून. अशी आई, तिच्याइतका वेळ आणि जगाच्या पत्रकारांचं लक्ष प्रत्येक मृताच्या वाट्याला येत नाही. बांधकामावर काम करणारा परप्रांतीय मजूर काणकोणच्या एखाद्या ओहळात सापडतो तेव्हा त्याची आई झारखंडात किंवा कर्नाटकात असते. त्याच्यासाठी भांडायला मथळ्याशिवाय दुसरं कुणी नसतं, आणि मथळा म्हणतो, गूढ.

माणसांचं राहू दे, वाघांचं घ्या. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात, सत्तरीतल्या गोळावली भागात, काही दिवसांच्या अंतराने चार वाघ मेलेले सापडले. एक वाघीण आणि तिची तीन वाढती पिल्लं. गोव्यात पट्टेरी वाघ आहेत की नुसते शेजारच्या कर्नाटकातून पाहुणे येतात, यावर आपण वर्षानुवर्षं वाद घालत होतो, आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पुरावा आला तो असा. पहिले दोन दिवस सगळीकडे गूढच गूढ होतं. पुढे उलगडलं ते फार साधं होतं. वाघांनी गुरं मारली होती, मेलेल्या जनावरावर विष टाकलं गेलं, वाघ पुन्हा खायला आले. गावातल्या एका गुरं पाळणाऱ्या कुटुंबातल्या माणसांना अटक झाली. मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. मारल्या गेलेल्या गुरांच्या भरपाईचा प्रश्न, १९९९ साली घोषित झालेल्या अभयारण्यात राहणाऱ्या लोकांचे वर्षानुवर्षं न सुटलेले जमिनीचे हक्क, त्या भागात वाघ वावरतात हे कॅमेऱ्यांत दिसत असूनही अपुरी राहिलेली राखण. यांतलं कुठलंही गूढ नव्हतं. सत्तरीतल्या कुठल्याही चहाच्या गाड्यावर ते ऐकायला मिळालं असतं. त्या प्रकरणात उत्तर लवकर सापडलं याचं श्रेय तपासाला देईन. पण उत्तर सापडताच सगळ्यांना ते नकोसं वाटलं, हेही खरं. वाघ कुणी मारले यापेक्षा ते मारण्याची वेळ का आली, हे सांगणं कितीतरी अवघड होतं.

मार्च २०२३ मध्ये त्याच म्हादईच्या रानात आणि आसपासच्या डोंगरांवर आगी लागल्या. नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी शिंपडत फिरली. 'गूढ आगी' हे शब्द तेव्हा इतक्या वेळा कानावर पडले की रान स्वतःच पेट घेतं की काय असं वाटावं. आमच्याकडच्या दमट, दाट रानात एकाच आठवड्यात इतक्या ठिकाणी आग लागते तेव्हा माणसाचा हात असण्याचा संशय कुठल्याही शेतकऱ्याला येतो. काजूच्या बागेखालचा पालापाचोळा जाळताना आग हाताबाहेर जाते हे त्याला ठाऊक असतं, आणि मुद्दाम कुणी काडी लावली तर ती कुठे लावेल हेही. अशा वेळी 'गूढ' म्हणणं म्हणजे शेतकऱ्याला ठाऊक असलेलं सरकारला ठाऊक नाही, असं छापून देणं.

सर्वात गमतीचं उदाहरण समुद्राचं. पावसाळा जवळ आला की आमच्या किनाऱ्यांवर डांबरगोळे येतात. काळे, चिकट, पायाला लागले की खोबरेल तेल चोळल्याशिवाय निघत नाहीत. दरवर्षी येतात आणि तरी अधूनमधून त्यांना 'गूढ' हे विशेषण मिळतं. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आमच्या दोना पावलालाच आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी या गोळ्यांतल्या तेलाचे रासायनिक ठसे तपासले आहेत आणि बोट दोन दिशांना दाखवलं आहे, समुद्रात टाक्या धुणाऱ्या तेलवाहू जहाजांकडे आणि मुंबईजवळच्या तेलक्षेत्रांकडे. म्हणजे गोळे कुठून येतात हे ठाऊक आहे. कुठल्या जहाजाने, कुठल्या रात्री, हे पकडणं अवघड आहे, आणि पकडलं तर दंड वसूल करणं त्याहून अवघड. या अवघडपणाला आपण गूढ म्हणतो. ऐकायला बरं वाटतं, 'कारवाई झाली नाही' यापेक्षा तर नक्कीच बरं.

आता दुसरा शब्द. मृत्यू असेल तर गूढ, पण जमीन असेल तर आमच्याकडे लगेच 'गौडबंगाल' येतं. 'भूरूपांतरात गौडबंगाल', 'निविदेत गौडबंगाल'. गौड आणि बंगाल हे दोन्ही प्रदेश जुन्या काळी जादूटोण्यासाठी प्रसिद्ध, म्हणून न कळणाऱ्या चमत्काराला, नजरबंदीला हा जोडशब्द मिळाला. बंगाली बांधवांची यात काही चूक नाही, पण शब्द झकास आहे, कारण त्यात हातचलाखी करणारा जादूगार समोर उभा राहतो. गूढात कर्ता हरवला, गौडबंगालात तो ठसठशीत आहे. म्हणून हा शब्द मला जास्त प्रामाणिक वाटायचा. हल्ली तसं वाटत नाही. यात दुसरीच पळवाट आहे. जादूगार आहे असं सांगायचं आणि नाव सांगायचं नाही. वाचकाने भुवया उंचावायच्या, ज्याचं नाव आहे त्याने मानहानीची नोटीस पाठवायची नाही, सगळ्यांचं भागतं. ताकाला तूर लागू न देण्याची ही आमची खास पद्धत.

बार्देशातल्या जमिनींचंच पाहा. मालक वारलेले, वारस पोर्तुगालात नाहीतर इंग्लंडमध्ये, घराला कुलूप. अशा मालमत्तांची बनावट विक्रीखतं, जुन्या पोर्तुगीज दस्तऐवजांत घुसडलेले खोटे कागद, असे प्रकार उघडकीला येऊ लागले तेव्हा जून २०२२ मध्ये पोलिसांचं विशेष तपास पथक नेमावं लागलं. त्याआधी अनेक वर्षं गावोगाव 'काहीतरी गौडबंगाल आहे' असं म्हटलं जात होतं. पथक बसलं तेव्हा त्या गौडबंगालाला सर्व्हे क्रमांक, विक्रीखताची तारीख, सही करणारा, साक्षीदार, असे साधे कोरडे तपशील मिळाले. जादू उतरली. बाकी राहिली ती फसवणूक, आणि ती कुठल्याही भाषेत फसवणूकच असते. असंच कायद्यातल्या एका तरतुदीचा आधार घेऊन, प्रादेशिक आराखड्यातल्या 'चुका' दुरुस्त करण्याच्या नावाखाली शेतं आणि डोंगर एकेक भूखंड करून बांधकामाच्या क्षेत्रात बदलले गेले त्याचं. त्यालाही पुष्कळदा गौडबंगाल म्हटलं गेलं. पण ज्यांनी राजपत्रातल्या जाहिराती एकेक करून वाचल्या, सर्व्हे क्रमांक टिपले आणि उच्च न्यायालयात गेले, त्यांच्यामुळे मार्च २०२५ मध्ये त्या तरतुदीखालचे नियम रद्द झाले. राजपत्र हे काही गुहेत ठेवलेलं नसतं. ते छापलं जातं.

इथे माझे बातमीदार मित्र चिडतील, आणि त्यांचं चिडणं रास्त आहे. रात्री साडेदहाला पोलिस ठाण्यातून दोन ओळी मिळतात, अधिकारी फोन उचलत नाही, पान सोडायची वेळ झालेली असते. घाईत आत्महत्या म्हणावं तर घरचे दुखावतात, घातपात म्हणावं तर निष्पाप माणूस अडकतो. गूढ हा शब्द अशा वेळी कुणाचं नुकसान करत नाही. मान्य. पण मग 'मृत्यूचे कारण अद्याप स्पष्ट नाही' हे लिहायला किती जागा लागते? 'शवचिकित्सा अहवालाची प्रतीक्षा' हेही तेवढंच सुरक्षित आहे, आणि त्यात वाचकाला कळतं की एक अहवाल यायचा आहे. पुढच्या आठवड्यात तो विचारू शकतो, आला का? गूढ कायम असेल तर विचारायचं काय? ज्याला वाट पाहायची तारीख नाही अशा गोष्टीचा पाठपुरावा कुणी करत नाही, वाचकही नाही आणि संपादकही नाही.

न सांगणं ही सत्तेची पद्धत असू शकते, हे तर गोव्याला कुणी शिकवायला नको. जुन्या गोव्यात इन्क्विझिशनची जी इमारत होती तिला लोक नुसतं 'व्हडलें घर' म्हणत, मोठं घर. १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षं सोडली तर अडीच शतकं, तिथे आरोपीला त्याच्यावर आरोप कुणी केला हे सांगितलं जात नसे. साक्षीदाराचं नाव लपवणं हा अपघात नव्हता, तो नियम होता. न्यायपीठ बंद झाल्यावर दप्तराचा बहुतेक भाग नष्ट झाला. आज त्या जागी इमारतही नाही. तिथे काय चालायचं यावर आपण 'गूढ' म्हणून हळू आवाजात बोलतो, पण शब्दाच्या जुन्या अर्थाने पाहा, ते गूढच होतं. कुणीतरी, कार्यालयीन वेळेत, मोहोर लावून लपवलेलं.

दुसऱ्या टोकाला पर्यटनाचा धंदा. त्यात गूढ हा शब्द किलोने विकला जातो. कासावलीजवळच्या कुयेलीच्या टेकडीवर रेमेदिओस सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं, कपेल (छोटं चर्च) आहे. मोबाइलवर 'गोव्यातली झपाटलेली ठिकाणं' शोधा, ते पहिल्या पाचात येतं. कथा अशी की तीन पोर्तुगीज राजांचं सत्तेवरून भांडण झालं, एकाने दोघांना जेवणातून विष घातलं, मग स्वतःही घेतलं, आणि तिघांचे आत्मे तिथे फिरतात. पोर्तुगालचा राजा गोव्यात राहत नव्हता, इथे व्हाइसरॉय आणि गव्हर्नर असत, ही शाळेतली माहितीही कथा रचणाऱ्याला आडवी आली नाही. ते तीन राजे बायबलमधले, बाळ येशूला भेटायला आलेले. दर ६ जानेवारीला कासावली, कुयेली आणि आरोशी या तीन गावांतली तीन मुलं राजांचा पोशाख करून, डोक्यावर मुकुट घालून, घोड्यावर बसून तीन वाटांनी टेकडी चढतात. ते फेस्त पाहायला आसपासची गावं लोटतात. एका जिवंत सणाला आपण भुताची गोष्ट लावली आणि वर्षभर रात्री-अपरात्री तरुणांच्या गाड्या त्या टेकडीवर पाठवल्या.

उलट आमच्या देवचाराचं पाहा. बाहेरच्याला तो गूढ वाटेल, गावकऱ्याला मुळीच नाही. तो राखणदार. त्याची जागा ठरलेली, वड नाहीतर एखादा दगड. फिरायची वेळ ठरलेली, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. त्याला काय द्यायचं तेही ठरलेलं, रोट, विडी, थोडी दारू, आणि वहाणा. रात्रभर गावाच्या सीमेवर फिरून त्या झिजतात, म्हणून नवा जोड ठेवायचा. मी स्वतः देवचार मानतो की नाही हा प्रश्न इथे गैरलागू. मला एवढंच दिसतं की ज्या लोकांनी न दिसणाऱ्या राखणदाराच्या चपलेचा हिशेब ठेवला, ते लोक दिसणाऱ्या राखणदारांना हिशेब विचारत नाहीत.

मग गूढ हा शब्द वापरायचा तरी कुठे? जागा आहे. सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी, रिवणच्या पुढे, उसगाळीमळला जा. नदीलगतच्या जांभ्याच्या सपाट कातळावर शंभराहून अधिक आकृत्या कोरलेल्या आहेत. बैल आहेत, हरणं आहेत, मोर आहे, माणसं आहेत, आणि एक वर्तुळात वर्तुळ जात राहणारी भूलभुलैयासारखी आकृती आहे. गावच्या लोकांनी दाखवल्यावर १९९३ मध्ये त्या अभ्यासकांसमोर आल्या. २०२२ मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांसोबत हे ठिकाणही युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं. कुणी कोरल्या, याचे अंदाज हजारो वर्षांच्या अंतराने वेगवेगळे आहेत, कारण दगडावरच्या ओरखड्याचं वय थेट मोजायला त्यात लाकूड किंवा हाड असं काही उरत नाही. ते वर्तुळ खेळ होता, नकाशा होता, पूजा होती? विचारायला कुणी शिल्लक नाही. लोकांनी खोदून, मोजून, शेजारच्या शिल्पांशी ताडून पाहिलं आहे आणि तरी हाताला लागत नाही. प्रयत्न करून झाल्यावर जे उरतं त्याला गूढ म्हणायला माझी ना नाही. तिथे उभं राहिल्यावर तो शब्द आपोआपच तोंडात येतो, आणि तोंडात असताना तो जड लागतो.

बातम्यांपुरती माझी मागणी फार मोठी नाही. ज्या ज्या मृत्यूला, आगीला, मेलेल्या माशांच्या खचाला दैनिकाने 'गूढ' म्हटलं, त्यांची यादी महिन्यातून एकदा छापावी. गाव, तारीख, कुठलं पोलिस ठाणं किंवा खातं, अहवाल आला की नाही, आला असल्यास एक ओळ. मृताचं नाव द्यायचीही गरज नाही. अर्धा रकाना पुरेल. जागा नाही असं सांगितलं जाईल याची कल्पना आहे. रोजच्या पानावर बारा राशींसाठी जागा निघते, आणि त्यांतला एकही अंदाज खरा ठरला का हे आजवर कुणी विचारलेलं नाही.